केसावर फुगे

गुंतवळ म्हणजे काय, हे आता शहरातल्या मुलींना समजावून सांगावं लागतं. विंचरताना फणीत अडकलेले केस बोटाभोवती गुंडाळायचे, त्यांची गोळी करायची आणि भिंतीच्या फटीत नाहीतर दाराच्या बिजागरीमागे खोचून ठेवायची. उघड्यावर टाकायची सोय नव्हती. एकतर अन्नात येतात, आणि कुणाच्या हाती लागले तर करणीची धास्ती. महिना-दोन महिने गुंतवळ साठली की एक दिवस गल्लीत आरोळी यायची. सायकल, हँडलला फुग्यांचा घोस, मागे कॅरिअरला पोतं. माय फटी धुंडाळून सगळ्या गोळ्या काढायची आणि त्याच्या हातावर ठेवायची. तो एक बट ओढून लांबी बघायचा, बाकीचं मुठीत दाबून वजनाचा अंदाज घ्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि एक फुगा सोडून द्यायचा. फारच घासाघीस केली तर दोन. संध्याकाळपर्यंत फुगा फुटलेला असायचा.

पोत्यातल्या केसांचं पुढे काय होतं, हे आमच्या गल्लीत कुणी कधी विचारलं नाही. ते केस निवडले जातात, धुतले जातात, लांबीप्रमाणे लावले जातात. कर्नाटकात कोप्पळजवळचं भाग्यनगर या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथून त्यांचे टोप होऊन परदेशात जातात. जानेवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, कारण कच्चा माल बाहेर जाऊन इथले कारखाने रिकामे राहायला लागले होते. एवढं मोल त्या गुंतवळीला होतं. आमच्याकडे तिचा भाव एक फुगा.

'बबल्या इकस केसावर फुगे' हे गाणं करोनाच्या आधी आलं, तेव्हा मला पहिल्यांदा हे सगळं आठवलं. इकस म्हणजे विकतो. अहिराणीत 'व' गळतो आणि क्रियापदाला 'स' लागतो: जास, करस, इकस. ज्या माणसाकडे आम्ही कधी मान वर करून पाहिलं नाही, तो फुगेवाला थेट गाण्याचा नायक झाला होता. सचिन कुमावत यांनी ते आणलं आणि बघता बघता जळगाव, धुळे, नंदुरबार ओलांडून ते सुरतच्या लिंबायतपर्यंत आणि पुण्याच्या कार्यालयांपर्यंत पोचलं. ज्यांना 'इकस'चा अर्थ ठाऊक नाही तेही त्यावर नाचले.

हे गाणं कुणी गायलंय?

हा प्रश्न मी धुळ्याजवळच्या एका गावात हळदीच्या रात्री विचारला. मंडपामागे चुलाण्यावर दुसऱ्या दिवसाच्या वरण-बट्टीची तयारी चालली होती, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता, आणि समोर गाडीवर रचलेल्या भोंग्यांतून 'बबल्या' चालू होतं. लॅपटॉपवर बसलेला पोरगा विशीचा. म्हटलं, भाऊ, हाई गानं कोन्हं शे? तो म्हणाला, बबल्यानं. बबल्या गाण्यातलं पात्र आहे, गायक कोण? त्याने पेनड्राइव्हची यादी खालीवर केली. फाइलच्या नावात गाण्याचं नाव होतं, 'फुल बास' होतं, मिक्स करणाऱ्या डीजेचं नाव होतं. गायकाचं नव्हतं. नवरीच्या मामांना विचारलं, तर ते ठणकावून म्हणाले, सचिन कुमावतचं. ते चूक नव्हतं, पण माझ्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. नवरीच्या दहा-बारा वर्षांच्या बहिणीला गाण्यातला शब्दन् शब्द पाठ होता. नाव तिलाही सांगता आलं नाही.

अण्णा सुरवाडे. हे त्या गायकाचं नाव.

पुढे 2023 साली 'हाई झुमका वाली पोर' आलं आणि त्याने तर दहा कोटींचा आकडा मागे टाकला. त्याच्यामागे विनोद कुमावत यांचं नाव आहे आणि पडद्यावर त्यांच्यासोबत राणी कुमावत. हे दोन चेहरे खान्देशात आता कुठेही ओळखले जातात. आवाज भैय्या मोरे आणि अंजना बर्लेकर यांचे. वाचकांनी इथे थांबून स्वतःलाच विचारावं: यातली कोणती दोन नावं आधीपासून माहीत होती?

मला जे म्हणायचं आहे ते इथून सुरू होतं. एखादं गाणं गायकाची कारकीर्द घडवतं असं आपण सहज म्हणतो, आणि त्याची उदाहरणंही तोंडावर असतात. ऐंशीच्या दशकात 'जवा नवीन पोपट हा' आलं आणि आनंद शिंदे घरोघर पोचले. वैशाली सामंत म्हटलं की 'ऐका दाजिबा'. 2015 साली 'शांताबाई'ने संजय लोंढे यांना एका उन्हाळ्यात महाराष्ट्रभर नेलं. तिकडे अमेरिकेत ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' 1978 साली तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, म्हणजे कंपनीला त्याची फारशी किंमत नव्हती. आज त्या बाईचं नाव घेतलं की तेच गाणं डोळ्यांसमोर येतं. गाणं आणि गायक यांची अशी एकमेकांना शिवण पडते. गायक पुढे कंटाळतो, दर कार्यक्रमात लोक तेच मागतात, नवं काही ऐकून घेत नाहीत, ती एक बेडीच होते. पण ही बेडी पायात पडायलाही आधी नाव लागतं. खान्देशात गाणं कोट्यवधी वेळा वाजतं आणि घडतो तो चॅनेल, घडतो तो पडद्यावरचा नट. गायक त्या गाण्याखाली झाकला जातो.

यावर आमच्याकडे एक उत्तर तयार असतं. ते ऐकायला गोड आहे, आणि मीही ते बरीच वर्षं देत होतो. लोकगीताला कुठे नाव असतं? आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर बसून गाणी म्हणतात, ती कुणी रचली? श्रावणात कानबाईची स्थापना होते, रोट भाजले जातात, रात्रभर बाया गातात. पहिली कोण गायली हे कुणी विचारतं का? जात्यावरच्या ओव्या तर सगळ्यांच्याच. अहिराणी गाणं हे असं गावाचं असतं, त्याच्यावर एकाची मालकी कशाला सांगायची? हे ऐकलं की मान डोलते. आपण शहरी लोकांपेक्षा उदार आहोत असंही वाटून जातं.

पण जरा नीट बघा. आखाजीच्या झोक्यावर कुणाचंच नाव नसतं, कारण तिथे सगळ्याच गातात आणि कमावत कुणीच नाही. ऐकणारी वेगळी, गाणारी वेगळी असं काही नसतं. झोका थांबला की गाणं थांबतं. तिथलं निनावीपण प्रामाणिक आहे. 'झुमका वाली पोर' झोक्यावर म्हटलेलं नाही. ते स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालंय, त्याच्यावर जाहिराती लागतात, त्या जाहिरातींचा हिशेब एका खात्यात जमा होतो. यूट्यूबचा नियम असा की चॅनेलला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं झालं की जाहिरातीच्या कमाईत वाटा मिळू शकतो. हा वाटा चॅनेलच्या मालकाला. गावोगावच्या छोट्या स्टुडिओंत रीत अशी की ट्रॅक आधी तयार असतो, गायकाने यायचं, तास-दोन तासांत आवाज देऊन जायचं, ठरलेली रक्कम घ्यायची. कुणी कुणाशी काय ठरवलं तो त्यांच्यातला व्यवहार आहे, मी त्यात पडत नाही. पण जिथे एका बाजूला मालकी इतकी पक्की आहे, तिथे दुसऱ्या बाजूला 'हे तर गावाचं गाणं' म्हणायचं, हे बरोबर नाही. गावाचं गाणं असेल तर पैसाही गावाचा हवा.

आणि खान्देशाने तरी हे निनावीपण कायम मान्य केलं का? जळगावजवळच्या आसोद्यात 1880 साली जन्मलेली एक बाई शेतात, जात्यावर, चुलीपुढे गात होती. तिच्या आगेमागे शेकडो बाया गात होत्या. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं ती गाणी उतरवून घ्यायची. 1951 साली त्या गेल्या, सोपानदेवांनी त्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली, आणि अत्र्यांना वाटलं की हे झाकून ठेवणं म्हणजे गुन्हा. 1952 साली पुस्तक निघालं, त्यावर नाव छापलं: बहिणाबाई चौधरी. आज जळगावच्या विद्यापीठाला तेच नाव आहे. (जाता जाता: बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. मुंबई-पुण्याकडची मंडळी दोन्ही एकाच पोत्यात भरतात, आणि आम्ही इथले लोक पाहुण्यांना कशाला दुखवायचं म्हणून गप्प बसतो.) पुढे उत्तरा केळकरांनी यशवंत देवांच्या चालींवर ती गाणी गायली. ऐकणाऱ्याला कविता कुणाची हेही माहीत असतं आणि आवाज कुणाचा हेही. दोन्ही नावांना जागा पुरली. कुणाचं काही कमी झालं नाही.

कुणीतरी वही धरली म्हणून बहिणाबाई उरल्या. त्यांच्या आगेमागे गाणाऱ्या बाकीच्या बाया कुठे आहेत?

नाव टिकणं न टिकणं हे बऱ्याच अंशी ज्यावर गाणं ठेवलेलं असतं त्या वस्तूवर ठरतं. कॅसेटचा जमाना आठवून पाहा. दुकानात जाऊन आपण म्हणायचो, आनंद शिंदेची नवीन आली का? प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची आहे का? वेष्टनावर गायकाचा फोटो असायचा, बहुतेक वेळा गडद रंगाचा कोट नाहीतर शाल, आणि मागे मंदिर किंवा फुलं चिकटवलेली. गाणं मागायची वाट गायकाच्या नावावरून जायची. फोनवर ती वाट बदलली. आता शोधाच्या पट्टीत गाण्यातला एखादा शब्द टाकला की पुरतं. वर चेहरा दिसतो तो नटाचा, मोठ्या अक्षरांत दिसतं ते चॅनेलचं नाव. गायक, गीतकार, संगीतकार खालच्या मजकुरात असतात, तो उघडायला आणखी एकदा बोट लावावं लागतं, आणि तेवढं बोट कुणी लावत नाही. तिथून गाणं उतरवून पेनड्राइव्हवर गेलं की तो खालचा मजकूरही गळून पडतो. शेवटी डीजे. तो दर अर्ध्या मिनिटाला गाण्याच्या मध्येच स्वतःच्या नावाची आरोळी घालतो. ज्याने बास वाढवला त्याचं नाव साऱ्या गल्लीला ऐकू जातं आणि ज्याच्या गळ्यातून गाणं आलं त्याचं नाही. मला त्या डीजेचा राग येत नाही. नाव कुठे घालायचं असतं, हे या सगळ्या साखळीत फक्त त्यालाच कळलेलं दिसतं.

हे काही नवं आहे असंही नाही, आणि त्याचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्याच जिल्ह्याशी नातं सांगतं. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर थाळनेर आहे. पडका किल्ला, फारुकी सुलतानांच्या कबरी, आणि एके काळी तिथे हरिदास रामदास लाड नावाचे गुजराती सावकार-जमीनदार राहत. त्यांची मुलगी शेवंती ही मास्टर दीनानाथांची पत्नी, म्हणजे लता मंगेशकरांची आई. थाळनेर हे लताबाईंचं आजोळ. आजीकडून त्या गुजराती गरबे शिकल्या. त्या लताबाईंचं कारकीर्द घडवणारं गाणं कोणतं, असं विचारलं तर जुनी माणसं एका सुरात सांगतील: 'महल' मधलं 'आयेगा आनेवाला', 1949. आणि त्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव काय होतं? कामिनी. कामिनी हे चित्रपटात मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. तेव्हाची पद्धतच तशी होती, पडद्यावरच्या बाईचं नाव तबकडीवर. रेडिओवर गाणं लागलं, लोकांनी विचारणा सुरू केली की ही बाई आहे कोण, आणि मग खरं नाव बाहेर आलं.

बबल्या आणि कामिनी यांत मला काही फरक दिसत नाही. दोन्ही गाण्यातली पात्रं, आणि दोघांनीही गाणाऱ्याची जागा घेतलेली. फरक आहे तो ऐकणाऱ्यांत. 1949 साली लोकांनी विचारलं.

लताबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. फिल्मफेअर पुरस्कारांत पार्श्वगायनाला जागाच नव्हती, तेव्हा त्यांनी त्या सोहळ्यात गायला नकार दिला; पुढे तो पुरस्कार सुरू झाला आणि 1959 साली पहिला त्यांनाच मिळाला. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून त्या साठीच्या दशकात भांडल्या, त्यावरून महंमद रफींशी अबोला झाला, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. काहींना तो हट्ट वाटला. मला वाटतं, थाळनेरच्या सावकाराच्या नातीला हिशेब कळत होता.

कायद्याला हे कळायला बराच वेळ लागला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला कलाकार म्हणून हक्क मिळाले ते 1994 च्या दुरुस्तीने. 2012 च्या दुरुस्तीने दोन गोष्टी आणखी दिल्या: आपलं सादरीकरण व्यापारासाठी वापरलं गेलं तर त्यात रॉयल्टी, आणि आपण त्याचे सादरकर्ते आहोत अशी ओळख सांगण्याचा नैतिक हक्क. म्हणजे नाव लावणं हे आता कुणाचं सौजन्य राहिलेलं नाही. 2013 साली गायकांच्या हक्कांसाठी 'इस्रा' ही संस्था उभी राहिली. पण हा कायदा चोपडा-एरंडोलच्या एखाद्या छोट्या स्टुडिओत पोचायला हवा ना. तिथे आवाज द्यायला आलेला पोरगा मोटारसायकलवरून पन्नास किलोमीटर आलेला असतो, रात्री परत जायचं असतं, आणि दादा पुढच्या गाण्यालाही बोलावतील ना, एवढीच त्याची काळजी असते. त्याच्यापुढे नैतिक हक्काची गोष्ट काढली तर तो हसेल.

परदेशातही असे फुगे वाटले गेलेत. पिंक फ्लॉइडच्या 1973 च्या प्रसिद्ध अल्बममध्ये 'द ग्रेट गिग इन द स्काय' आहे. त्यात क्लेअर टोरी नावाची गायिका शब्दांशिवाय नुसत्या आवाजाने सगळं पेलते. तिला त्या वेळी तीस पौंड मिळाले. तीस वर्षांनी, 2004 साली, ती कोर्टात गेली; 2005 साली तडजोड झाली आणि रचनेच्या श्रेयात तिचं नाव आलं. दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. 'मिली व्हॅनिली' या जोडीला 1990 साली ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी काढून घेतलं, कारण पडद्यावर नाचणारे दोघे गायलेच नव्हते. अमेरिकेत त्याचा केवढा गहजब झाला. आपल्याकडे कुणी भुवईसुद्धा उंचावली नसती. चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, हे आपण सिनेमामुळे पिढ्यान् पिढ्या मान्य केलंय, आणि त्यात फसवणूक आहे असं मला वाटतही नाही. अहिराणी व्हिडिओ गाणं हा पाच मिनिटांचा सिनेमाच आहे. कपाशीचं शेत, केळीची बाग, ट्रॅक्टर, ड्रोनने वरून घेतलेलं गाव, आणि नायक-नायिका. पण सिनेमाची पद्धत घ्यायची तर ती पूर्ण घ्या. सिनेमाने कामिनीनंतर तबकडीवर गायकाचं खरं नाव छापायला सुरुवात केली. आपण सिनेमाकडून चेहरा घेतला आणि नामावली सोडून दिली.

आता दुसऱ्या बाजूने बोलायला हवं, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. सचिन कुमावत, विनोद कुमावत आणि त्यांच्यासारख्या इतर पोरांनी जे केलं ते मुंबईतल्या एकाही कंपनीने केलं नव्हतं. अहिराणीला बाजार असतो, हेच कुणाला पटत नव्हतं. खिशातले पैसे घालून कॅमेरा आणायचा, गावातल्याच माणसांना उभं करायचं, गाणं चाललं नाही तर पैसे बुडाले म्हणायचं आणि पुन्हा दुसरं करायचं. ही जोखीम त्यांची होती आणि फळही त्यांना मिळायलाच हवं. त्यांचं नाव मोठं झालं याचं मला खान्देशी माणूस म्हणून कौतुकच आहे. साहित्य संमेलनांच्या मांडवात अहिराणीवर जेवढी भाषणं झाली, त्या सगळ्यांपेक्षा एका 'झुमका'ने जास्त काम केलं, असं म्हटलं तर प्राध्यापक मंडळी रागावतील. रागावू देत.

त्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे: गाण्यांत हिंदी घुसलंय, दर तिसऱ्या गाण्यात तीच पोर नि तोच झुमका, बेंजोचा तोच ठेका. अर्धा आक्षेप खरा आहे. पण जनगणना बघा. 2001 साली खान्देशी (अहिराणी त्यातच मोजतात) ही मातृभाषा सांगणारे 20 लाख 75 हजार होते. 2011 साली ते 18 लाख 60 हजारांवर आले. लोकसंख्या वाढली आणि बोलणारे घटले. ही माणसं कुठे गेली नाहीत. गणनेला आलेल्या गुरुजींपुढे त्यांनी 'मराठी' सांगितलं, कारण पोरांना शाळेत हसतात. ग्रियर्सनने 1907 साली भाषा सर्वेक्षणात खान्देशीला भिल्ल भाषांच्या खंडात टाकलं होतं. तेव्हापासून ही भाषा नेमकी कुणाची यावर विद्वानांचा काथ्याकूट चालू आहे. आणि ज्या घरांनी कागदावर 'मराठी' लिहिलं, त्या घरांतली पोरं आता पुण्याच्या होस्टेलमध्ये 'हाई झुमका वाली पोर' मोठ्याने लावतात. 'हाई' म्हणायची लाज गेली. 'ही' न म्हणता 'हाई' म्हणणारा तो आवाज कुणाचा होता? भैय्या मोरे आणि अंजना बर्लेकर यांचा. भाषेची लाज ज्यांच्या गळ्याने घालवली, निदान त्यांची नावं तरी आपल्याला यायला हवीत.

नावाचा मुद्दा मी पैशाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्वाचा मानतो, त्याचं कारण त्या हळदीतली ती दहा-बारा वर्षांची मुलगी. तिचा गळा चांगला होता, डीजेच्या आवाजावरही तो उठून ऐकू येत होता. तिला मोठेपणी काय व्हायचंय असं विचारलं असतं, तर गाण्यातली हिरोईन व्हायचंय असं ती म्हणाली असती. गायिका व्हायचंय असं ती म्हणणार नाही, कारण अहिराणीत गाऊन कुणी मोठं होतं हे तिने पाहिलेलं नाही. झुमका घातलेली बाई तिला दिसते. गाणारी दिसत नाही. साक्रीत, अमळनेरला, पारोळ्यात अशा किती मुली असतील, आणि त्यांच्यापुढे 'मला अंजना बर्लेकर व्हायचंय' असं म्हणायची सोय आपण ठेवलेली नाही. लता मंगेशकर व्हायचंय असं म्हणणाऱ्या मुलींच्या चार पिढ्या झाल्या, कारण कामिनी हे नाव वेळेवर पुसलं गेलं.

मागणी मोठी नाही. गाणं सुरू होताना पहिल्या पाच सेकंदांत पडद्यावर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावं चॅनेलच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत यावीत. करार साध्या कागदावर असला तरी चालेल, पण असावा, आणि गाणं चाललं तर पुढच्या कमाईतला काही वाटा गळ्याला मिळावा असं त्यात लिहिलेलं असावं. हे चॅनेलवाल्यांनी करायचं. त्यातले बरेचसे स्वतःच गरिबीतून आलेले आहेत, फुगा आणि केस यांतला फरक त्यांना माझ्याहून चांगला कळतो.

तुमच्या-माझ्या हातात आहे ते त्याहून सोपं. दिवाळीनंतर लग्नं सुरू होतील. घरच्या हळदीला डीजेवाल्या पोराला पेनड्राइव्ह द्याल तेव्हा फाइलचं नाव आधी बदलून द्या. 'फुल बास' राहू द्या, डीजेचं नावही राहू द्या. त्यांच्या अलीकडे अण्णा सुरवाडे लिहा, भैय्या मोरे लिहा, अंजना बर्लेकर लिहा. आणि गाणं लागायच्या आधी माइकवरून ते एकदा वाचून दाखवायला त्याला सांगा.